हरबाच्या खांद्यातली गादी

एका गावात हरबा नावाचा एक भोळा गादीवाला होता. काठीनं कापूस झोडपून झोडपून त्याचा उजवा खांदा कामातून गेला, म्हणून बायको मंजुळा त्याला दवाखान्यात घेऊन गेली. तिला एकच धास्ती. हा हात गेला तर चूल कशी पेटायची?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खांद्याच्या हाडांमध्ये मऊ कूर्चा असते, गादीसारखी. ती फाटलीय. ऑपरेशन करू."

ऑपरेशनच्या दिवशी हरबा काखोटीला कापसाचं गाठोडं मारून हजर.

"हे कशाला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"भरायला. सरकी काढलेला आहे."

"अहो, बाहेरचं काही भरायचं नसतं. आहे तेच शिवायचं."

हरबानं ते ध्यानात ठेवलं. ऑपरेशन झालं, हात गळ्यातल्या झोळीत आला. घरी पारूमावशी लेकीच्या रुखवतासाठी गादीची नवी खोळ देऊन गेल्या. हरबानं डाव्या हातानं तिचं तोंड शिवलं आणि तशीच परत पाठवली.

मावशी तणतणत आल्या. "कापूस कुठाय रे मुडद्या?"

"बाहेरचं भरायचं नसतं, मावशी."

मंजुळानं कपाळाला हात लावला. "अहो, दाबून दाबून भरायचं असतं. टणक होईस्तोवर."

"बरं."

दुसऱ्या दिवशी हरबाचा हात निळा. झोळीत हाताभोवती त्यानं कापूस भरला होता. टणक होईस्तोवर. रडकुंडीला आलेल्या मंजुळानं त्याला धावतपळत दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी कापूस उपसला. "वाचला हात. आता दीड महिना अजिबात हलवायचा नाही."

इकडे मंजुळानं मावशींची गादी भरली. न्यायला टेम्पो आला, तर हरबा दारात आडवा. "दीड महिना हलवायची नाही."

लेक गादीवाचून सासरी गेली.

दीड महिन्यानं झोळी सुटली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खांदा आखडलाय. हात लोंबता सोडून हळूहळू झोके द्यायचे."

घरी मंजुळा म्हणाली, "पडून पडून गादीपण आखडलीय. उन्हात टाका नि काठीनं झोडपून घ्या, दोन्ही बाजूंनी." आणि ती दळणाला गेली.

परत येते तर गादी आढ्याला लोंबतेय आणि हरबा डाव्या हातानं तिला हळूहळू झोके देतोय.

"अहो, हे काय?"

"आखडलीय ना."

"मग तुमचा खांदा?"

"त्याचंच बघतो आता." हरबानं सदरा काढला आणि उन्हातल्या बाजेवर पालथा पडला. "तुझ्या भावाला बोलावलंय, काठी घेऊन."

तेवढ्यात भाऊ आलाच. मंजुळानं त्याच्या हातातली काठी हिसकावून चुलीत घातली, म्हणून खांदा वाचला. तुमच्या ओळखीत कुणाचं खांद्याचं ऑपरेशन झालं असेल, तर त्याच्या बायकोला एवढा निरोप द्या: दळण शेजारणीकडून आणव.