अबोली बोलली तेव्हा

समुद्रावरून वारा आला की जिथं माडांच्या झावळ्या सळसळत राहतात, तिथल्या एका एवढ्याशा घरात मंजुळा राहायची. परकर ठिगळांचा, पण स्वच्छ धुतलेला. पेज पातळ, पण गरम गरम. त्याचं तिला काहीच वाटत नसे बरं का. वाटायचं ते वेगळंच. आई देवाघरी गेली त्या दिवसापासून तिचे वडील, आबा, बोललेच नव्हते.

रागावले नव्हते हो ते. दिवसभर लोकांच्या माडांवर चढून नारळ पाडायचे, घरी आले की मंजुळाच्या केसांना तेल लावायचे, वेणीसुद्धा घालायचे, वाकडीतिकडी का होईना. पण तोंडातून शब्द म्हणून नाही. पूर्वी वाटेच्या वळणावरूनच त्यांची हाक यायची, "मंजुळेऽऽ!" आणि ही "ओऽऽ" करत धावत सुटायची. आता ती रोज संध्याकाळी उंबऱ्यावर कान टवकारून बसायची. पावलं यायची, हाक यायची नाही. मंजुळाला फार फार वाईट वाटायचं.

अंगणात न्हाणीच्या कडेला आईनं लावलेलं अबोलीचं रोपटं होतं. गुडघ्याएवढं, बाराही महिने हिरवंगार. हिरव्या तुऱ्यांतून नाजूक नाजूक अबोली रंगाची फुलं डोकवायची. मंजुळा त्याला जिवापाड जपायची. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं, तर स्वतः ओंजळभर पाण्यात तोंड धुवायची आणि उरलेला तांब्या हलकेच त्याच्या मुळाशी ओतायची. ऊन चढलं की झावळीचा आडोसा करायची. आणि तुरा वाळला रे वाळला की खुडून टाकायची, म्हणजे नवे तुरे येतात. हे तिला आईनंच शिकवलं होतं.

एका दुपारी काय झालं, वारा नसताना एक फूल हललं. त्याच्या पाकळीवरून घसरगुंडी करत बोटाएवढी परी खाली आली. अबोली रंगाचं झिरझिरीत परकर-पोलकं, पंखांवर चंदेरी ठिपके, चमचम चमचम.

"मंजुळे, मी अबोलीची परी," ती म्हणाली. "आम्हाला शब्द मोजकेच मिळतात, म्हणून नीट ऐक. तू माझं घर जपलंस. एक इच्छा सांग."

मंजुळाला विचार करावाच लागला नाही. "आबांनी मला हाक मारावी," ती पुटपुटली.

"अबोली बोलेल त्या दिवशी मारतील. पण एक अट आहे. बोल, असं म्हणायचं नाही. ना तिला, ना आबांना."

एवढं सांगून परी फुलात शिरली. शब्द संपले असणार बिचारीचे.

आता आली का पंचाईत? जिचं नावच अबोली, ती बोलणार कशी? मंजुळाला वाटलं, पुष्कळ फुलली की बोलेल. मग काय, एक तुरा वाळू देईना. झाड फुलांनी नुसतं लगडलं, पण हूं की चूं नाही. "बोल ना गं," असं कितीदा मंजुळाच्या ओठांवर यायचं. मग ती मुळाशी माती सारखी करत बसायची.

एके दिवशी शेजारच्या जनाकाकू कुंपणाशी आल्या. एकट्याच राहायच्या त्या. "मंजुळे, माझ्या दारात फूल म्हणून नाही गं. थोडं बी देशील?"

बी द्यायचं तर तुरे झाडावरच वाळू द्यायला हवेत, आणि मग नवी फुलं कमी येणार. अबोली बोललीच नाही तर? पण काकूंचं ओकंबोकं अंगण तिला दिसत होतं. "देईन काकू," ती म्हणाली आणि तिनं तुरे खुडणं थांबवलं. फुलं कमी झाली. तुऱ्यांवर तपकिरी बोंडं वाळून कडक झाली.

एका संध्याकाळी आबा आले. मंजुळा आत चूल फुंकत होती. आबांनी न्हाणीवर भसाभसा पाय धुतले, पाणी उडालं, बोंडं भिजली. क्षणभर काहीच झालं नाही. मग एक बोंड फुटलं, ताड्! मग दुसरं. ताड् ताड् ताड्! बिया उडाल्या त्या थेट आबांच्या नाकावर.

आणि आबा हसले. खो खो हसले, हसता हसता त्यांच्या डोळ्यांना धार लागली. "तुझी आई अशीच बोंडं भिजवायची गं, माझ्या मानेवर फोडायला," त्यांचा आवाज गंजल्यासारखा खरखरत होता. "मंजुळे! बघ तरी, अबोली बोलायला लागली!"

मंजुळा दाराआड थबकली. तुऱ्याच्या टोकावर परी उभी होती.

"तिचं बोलणं बोंडात असतं, वेडाबाई. रोज खुडून टाकत होतीस," परी हसून म्हणाली. "ओ दे की आता."

"थांब ना," मंजुळा कुजबुजली. "अजून एकदा ऐकू दे."

परीचे डोळे लकाकले. तिचे पंख उजळले, सगळं अंगण अबोली रंगाच्या उजेडानं भरून गेलं, आणि त्या उजेडातच ती विरघळून गेली.

"मंजुळेऽऽ! कुठं आहेस गं पोरी?"

"ओऽऽ!" मंजुळा धावली. मग दिवेलागणीपर्यंत बापलेक जनाकाकूंसाठी बिया वेचत बसली, आणि आबा सारखे बोलत होते.