दाराबाहेरचं करडू

"म्हणजे पोरीला वाचता येत नाही म्हणतोस?"

"वाचता येतं, बुवा. घडाघडा वाचते. पण कळत काही नाही."

अनंता मास्तराने पिशवीतून पेपर काढून रंगनाथबुवांपुढे ठेवला. मठाच्या याच ओसरीवर बुवांनी त्याला अक्षरं गिरवायला शिकवली होती. आता तो स्वतः तिसरीचा वर्ग शिकवत होता आणि त्याने काढलेला पेपर सगळ्या तालुक्याने उचलला होता. हे त्याने लंगडत पायऱ्या चढतानाच, कुणी विचारायच्या आत, दोनदा सांगून टाकलं होतं.

पेपर होताही नामी. वर माहितीचा उतारा, खाली गोष्टीचा, त्याखाली बारा प्रश्न. माहिती कशाला म्हणतात, गोष्ट कशाला म्हणतात, कोणत्या पोराला किती उमगलं, सगळं त्या बारा प्रश्नांत उघडं पडायचं.

सगुणाच्या पेपरावर मात्र नावाखेरीज एक अक्षर नव्हतं.

"काहीही लिहा, पण कोरं सोडू नका, म्हणून रोज कानीकपाळी ओरडतो मी," अनंता म्हणाला. "हिनं सगळंच कोरं सोडलं. उद्या यादी जायची आहे. अप्रगत मुलांत नाव घातलंय तिचं."

"घातलंस ना? मग माझ्याकडे कशाला आलास?"

अनंताची मान खाली गेली.

"तिच्या बापानं सांगून ठेवलंय... अप्रगत निघाली तर शाळा बंद, शेळ्यांमागं जायचं. गुणी पोर आहे हो, बुवा. माझा हात धजत नाही."

बुवा गालात हसले. तालुक्याला पेपर पुरवणाऱ्या मास्तरापेक्षा हा मास्तर त्यांना जास्त आवडला असावा.

"आणलीस तिला?"

सगुणा खाली पायरीवर बसली होती. हाक ऐकून वर आली. बुवांनी पेपर तिच्या हातात दिला.

"वाच, बाय. मोठ्यांदा."

तिने वाचलं. विंचू कोरड्या, अंधाऱ्या जागी लपतात. वहाणा आणि बूट पायात घालण्याआधी झाडून घ्यावेत...

मग खालचं वाचलं. डोंगरात एका करडाची कळपाशी चुकामूक झाली. दिवस मावळला. करडू धापा टाकत घरी आलं. निळं दार बंद होतं. करडू दाराबाहेर उभं राहिलं...

सगुणाने कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हतं.

"दार कोणत्या रंगाचं होतं, सगुणा?" अनंताने घाईने विचारलं.

तिने कागद पुन्हा सुलटा केला आणि गोष्टीच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"बरं, यातली माहिती कोणती आणि गोष्ट कोणती?"

बोट शेवटच्या ओळीवर तसंच.

"बघा, बुवा..." अनंताचा आवाज पडला. आपलाच पेपर खरा ठरल्याचं त्याला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

"जा बाय, खेळ जा," बुवा म्हणाले.

सगुणा ओसरीच्या कडेला गेली. तिथे थांबली. आपल्या चपला उचलून तिने दगडावर आपटल्या. मग बुवांच्या वहाणा आपटल्या. मग अनंताचे बूट घेतले, एकेक उलटा करून झाडला आणि आत डोकावून पाहिलं. उजव्यातून एक खडा पडला. तो तिने लांब भिरकावला आणि बूट नीट जोडीने लावून ठेवले.

अनंता बघतच राहिला.

चपला पायात घालून ती दोन पायऱ्या उतरली... आणि परत आली.

"गुर्जी."

"काय गं?"

"त्येला घरात घेतलं का वो?"

"कुणाला?"

"करडाला. मागं काय लिवलंच न्हाई तुमी... रातभर भायेरच हुतं का?"

गोष्ट पुढे होती. पानावर बारा प्रश्न मावेनात, म्हणून अनंताने ती दारापाशीच कापली होती.

त्याने खिशातून यादी काढली. सगुणाचं नाव शोधलं आणि पेनाने असं खोडलं की खालचं कुणाला वाचता येऊ नये. मग यादी बुवांपुढे धरली. लहानपणी पाटी दाखवायचा तशी.

बुवांनी यादीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी नुसतं पायरीकडे बोट केलं. सगुणा अजून तिथेच उभी होती, मास्तरांच्या तोंडाकडे बघत.

"पोरीनं काय विचारलं, अनंता?... कोरं सोडू नकोस."