फळीवरचा हात

फार पूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा माणसं देवाला प्रश्न विचारायची आणि उत्तर मिळेपर्यंत शांत बसायची.

खाडीच्या काठी एक गाव होतं. खाडीचं पाणी खारं आणि गावाची भातशेती गोड्या पाण्यावरची. दोघांची गाठ पडू नये म्हणून गावाने मातीचा लांब बांध घातला होता. त्या बांधाला एक दार होतं, त्याला उघाडी म्हणत. ओहोटी लागली की उघाडीची लाकडी फळी वर उचलायची, म्हणजे शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत जाई. भरती येऊ लागली की फळी खाली टाकायची, म्हणजे खारं पाणी आत शिरत नसे. काम एवढंच, पण साऱ्या गावाचा भात त्याच्यावर शिजत होता.

हे काम बाबल राखणदाराकडे होतं. जुनी रीत अशी, की ओहोटीच्या वेळी उघाडीच्या तोंडाशी लावलेल्या जाळ्यात जी मासळी सापडेल ती राखणदाराची. बाबल कामाला चोख होता. देवभोळा मात्र इतका, की शेजारी ताक मागायला जायचं तरी आधी देवाला विचारील. आणि विचारायची सोय गावात होती. देवळातला म्हातारा गुरव गावदेवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवी आणि गाऱ्हाणं घाली. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावीकडची पडली तर नको म्हणाला. याला कौल लावणं म्हणत. सोयरीक असो, आजारपण असो, गाव कौल लावूनच पाऊल टाकी.

त्या वर्षी भाद्रपदात बाबलची लेक आवडी बाळंतपणासाठी माहेरी आली. आईवेगळी वाढवलेली एकुलती एक पोर, त्यात पहिलटकरीण. दिवस भरत आले आणि तिची अन्नावरची वासनाच उडाली. पेजेची वाटी पुढे केली की ती मान फिरवी. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. सुईण बाबलला बाजूला घेऊन म्हणाली, "पोरीच्या पोटात काही जाऊ दे. अशानं तिच्या अंगात कळा सोसायचं बळ राहायचं नाही."

"काय खावंसं वाटतं गं बाय?" बाबलने विचारलं.

"कोळंबीचं कालवण," आवडी म्हणाली, आणि लगेच म्हणाली, "नसेल तर राहू दे, बाबा."

नव्हतीच. पावसाचं गोडं पाणी असं वाहत होतं, की कोळंबी उघाडीकडे फिरकत नव्हती. बाबल रोज रिकामं जाळं झटकून घरी येई. त्याला एक उपाय ठाऊक होता आणि त्या उपायाचीच त्याला भीती वाटत होती. अमावास्येच्या उधाणाला फळी खाली टाकलीच नाही, तर भरतीच्या पाण्याबरोबर कोळंबी आत येईल आणि ओहोटीला आपसूक जाळ्यात सापडेल. पण खारं पाणीही आत येईल. सगळीकडे नाही, फक्त सर्वांत खालच्या शेतात. ते शेत एका एकट्या म्हातारीचं होतं. तिच्या भाताच्या लोंब्या नुकत्या बाहेर पडत होत्या. अशा वेळी खारं पाणी लागलं की दाणा भरत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

अमावास्येच्या सकाळी बाबल देवळात गेला.

"कौल लावायचाय," तो गुरवाला म्हणाला. "पण प्रश्न मनातच विचारीन."

"विचार की," गुरव म्हणाला. "त्याला ऐकू येतं."

गुरवाने पाकळ्या चिकटवल्या. बाबलने डोळे मिटले. ‘फळी उघडी ठेवू का?’ हा खरा प्रश्न. तो ओठांपर्यंत आला आणि बाबलने तो गिळून टाकला. त्याऐवजी त्याने मनात विचारलं, ‘देवा, आज दुपारी मी काय करणार आहे ते तुला आत्ताच ठाऊक आहे का?’

उजवी पाकळी पडली.

घरी जाताना बाबलचं डोकं भराभर चालू लागलं. देवाला ठाऊक आहे म्हणजे ते ठरलेलं आहे. ठरलेलं मी कसं बदलणार? बदललं तर देव खोटा पडायचा. आणि जे माझ्या हातातच नाही, त्याचं पाप माझ्या माथी कसं बसेल? बघा, नको ते करायचं असलं की माणूस केवढा शहाणा होतो. एरवी चार वाक्यं धड जुळवता न येणारा बाबल त्या सकाळी भल्याभल्या शास्त्र्यांना गप्प बसवील असं बोलत होता, तेही मनातल्या मनात.

दुपारी भरती चढू लागली. गाव जेवून आडवं झालं होतं. बाबल उघाडीपाशी बसला. त्याने फळीला हात घातला आणि काढून घेतला. मग पुन्हा घातला. पाणी वर येत होतं. आवडीचा सुकलेला चेहरा त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी तो उठला आणि उघाडीकडे पाठ करून बसला.

संध्याकाळी जाळं भरून निघालं. आवडीने कालवण-भात मागून मागून खाल्ला आणि वाटी बोटाने पुसून घेतली. खोटं कशाला सांगा, तिला जेवताना बघून बाबलचे डोळे भरून आले आणि पाप-बिप काही त्याला आठवलं नाही.

आठवलं ते पुढे. म्हातारीच्या शेतातल्या लोंब्या पांढऱ्या पडल्या. हातात घेऊन चोळल्या तर नुसतं फोल निघे. माणसं बांधावर जमली.

"खेकड्यांनी बांध पोखरला असणार," कुणीतरी म्हणालं. "काय रे बाबल, तुला काय वाटतं?"

बाबलने हो म्हणून मान हलवली. फळी उघडी ठेवताना निदान देवाचा आधार होता, मान हलवताना तोही नव्हता. म्हातारी कडेला उभी होती. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता घरी गेली.

आवडी सुखरूप बाळंत झाली. मुलगा झाला. गाव बाळ बघायला आलं, तशी म्हातारीही आली. तिने जुन्या मऊ लुगड्याची कुंची शिवून आणली होती. ती बाळाच्या डोक्यावर घालून तिने त्याची दृष्ट काढली. बाबल दारामागे उभा होता. त्याला पुढे येववेना.

दुसऱ्या दिवशी तो तडक देवळात गेला आणि गुरवापुढे सगळं ओकला. शेवटी म्हणाला, "देवाला आधीच ठाऊक होतं ना? मग त्यानं मला अडवलं का नाही? आणि अडवायचं नव्हतं, तर आता हे मन का खातंय मला?"

गुरव देवासमोरची पानं गोळा करीत होता. तो थांबला.

"तू त्याला विचारलंस की तुला ठाऊक आहे का. तो हो म्हणाला, खरं तेच म्हणाला. पण ‘करू का’ असं का नाही विचारलंस?"

बाबल खाली बघत म्हणाला, "कारण पाकळी कुठल्या बाजूला पडेल ते मला ठाऊक होतं."

"मग देवानं आणखी काय सांगायचं होतं तुला?" गुरव म्हणाला. आवाजात राग नव्हता. "आता माझ्याकडे काय बसलायस? जिचं शेत आहे तिच्याकडे जा."

म्हातारी ओटीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होती. बाबल तिच्या पायरीवर बसला. बोलायला तोंड उघडलं आणि त्याला रडूच फुटलं.

"काकी, खेकड्यांनी नाही. मी..."

"मला ठाऊक आहे रे," म्हातारी म्हणाली. "त्या दुपारी मी पाखरं हाकायला शेतात बसले होते. तुला बघत होते."

बाबलचं रडं जागच्या जागी थांबलं.

"बघत होतात? मग हाक का नाही मारलीत?"

"मारणार होते. तेवढ्यात तू फळीला हात घातलास. मला वाटलं, टाकली यानं. तू हात काढलास. परत घातलास. मी म्हटलं, माझ्या हाकेला भिऊन टाकण्यापेक्षा हा आपणहून टाकील तर बरं. आणि मग तू पाठ फिरवलीस." तिने सुपातला एक खडा वेचून टाकला. "वाईट वाटलं हो. भाताचंही वाटलं. वर्षाचं पोट होतं माझं ते."

"देवाला ठाऊक होतं, काकी. म्हणून मला वाटलं, आता माझ्या हातात काही उरलं नाही."

"अरे, मी पण बघतच होते. मी बघत होते म्हणून तू पाठ फिरवलीस का?"

बाबलने नाही म्हणून मान हलवली.

"मग देवावर कशाला ढकलतोस? तुझा हात कुणीच धरला नव्हता. मी डोळ्यांनी बघितला, मोकळा होता."

बाबलने अडखळत विचारलं, "गावाला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर लोकांनी तुला ओढून आणलं असतं. मला तू यायला हवा होतास." म्हातारीचा आवाज ओला झाला. "येशील की नाही ते काही मला ठाऊक नव्हतं. देवाला असेल. मी आपली रोज ओटीवर येऊन बसत होते."

बाबलने तिचे पाय धरले. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि ठेवलेला राहू दिला. जरा सावरल्यावर तो म्हणाला, "गावाला सांगू का, काकी?"

"आता हे मला विचारतोस?" म्हातारी म्हणाली, आणि पदराने डोळे पुसत पुन्हा तांदूळ निवडू लागली.

दुसऱ्या दिवशी गाव देवळात जमलं. बांध खेकड्यांनी पोखरलाय, तर तो मोडून दुसरीकडे घालावा का, हे देवाला विचारायचं होतं. म्हणजे साऱ्या गावाला उन्हाळाभर माती वाहावी लागणार होती. गुरवाने पाकळ्या भिजवल्या आणि पाषाणाकडे हात नेला.

"थांबा," बाबल पुढे येऊन म्हणाला. "कौल लावू नका. हे देवाला विचारायचं नाही, मी सांगायचं आहे."

त्याने सगळं सांगितलं. लोक संतापले, काहींनी तोंडाला येईल ते सुनावलं. उघाडी त्याच्याकडून काढून घेतली, आणि ते बरोबरच होतं. त्याने आपल्या शेतातला भात निम्मा करून म्हातारीच्या कणगीत नेऊन ओतला. आवडीला कळलं तेव्हा ती फार रडली. मग बाळाला उचलून तिने म्हातारीच्या मांडीवर नेऊन ठेवलं आणि म्हणाली, "आजी, हा तुमच्या भातावर वाढलाय." म्हातारीने बाळाला पोटाशी घेतलं. बाबल आज दारामागे लपला नाही. तो पुढे येऊन तिच्याशेजारी बसला.

तात्पर्य: आपण काय करणार हे देवाला ठाऊक असेलही, पण करायचं की नाही हे ठरवणारा हात त्याने आपल्यालाच दिला आहे. आणि तो हात चुकला, तरी परत फिरायलाही तो तितकाच मोकळा असतो.