शास्त्रीबुवा आणि ठरलेला राक्षस

फार पूर्वी, म्हणजे गावोगाव शहाणे आजच्याइतके स्वस्त झाले नव्हते तेव्हा, एका गावात एक शास्त्रीबुवा राहत होते. व्याकरण तोंडपाठ आणि चेहरा बारा महिने एकादशीचा. त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

त्या गावच्या जत्रेत दरवर्षी एक बाई कळसूत्री बाहुल्यांचा खेळ घेऊन यायची. खेळ एकच. राक्षस राजकन्येला पळवतो, एक शिंपी तिला सोडवायला जातो आणि झोपलेल्या राक्षसाचं तोंड शिवून टाकतो. पोरं टाळ्या पिटायची, म्हाताऱ्या डोळे पुसायच्या. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

आता खरी गंमत ऐका. हे शास्त्रीबुवा दरवर्षी त्या खेळाला जायचे. पण कसे? बायकोची शाल डोक्यावरून ओढून, बायकांच्या घोळक्यात, पार मागे. घरी आल्यावर स्वतःची इतकी लाज वाटायची, की दोन दिवस मोठमोठ्यानं पोथी वाचायचे.

एका वर्षी ते खेळाच्या आदल्या दिवशी तंबूपाशी घुटमळताना पाटलांना दिसले. पाटलांनी सहज विचारलं, "काय शास्त्रीबुवा, बाहुल्या बघायच्यात वाटतं?"

बुवांचे कान लाल झाले. लाजलेला माणूस आधी दुसऱ्यावर ओरडतो, तसे तेही ओरडले. "मी? असला खेळ मी जन्मात पाहिला नाही. पाहायचंय काय त्यात? साचा ठरलेला. न पाहता पुढचं सगळं सांगेन." वर हेही म्हणाले, की असल्या शिळ्या खेळाला चिंचेखालची मोक्याची जागा द्यायचीच कशाला.

पाटलांना न्याय करायची भारी हौस. त्यांनी तिथंच ठरवून टाकलं. उद्या बुवांनी सगळ्यांदेखत पुढचं पुढचं सांगायचं. बरोबर आलं, तर बाईनं तंबू उचलायचा आणि पुन्हा या गावात यायचं नाही. बाईचं वर्षाचं धान्य याच जत्रेत जमायचं. ती बाहुल्यांचे गुंतलेले दोरे सोडवत बसली.

दुसऱ्या दिवशी बुवा सगळ्यांच्या पुढे पाटावर बसले. राक्षस येणार म्हणाले, आला. राजकन्या रडणार म्हणाले, रडली. एक आजी वैतागून म्हणाली, "बुवा, गप बसा की जरा. आम्हालाही ठाऊक आहे."

पण बुवांना चेव चढला होता. "आता शिंप्याची सुई हरवेल. ती राक्षसाच्या दाढीत सापडेल. राजकन्या काढायला जाईल तोच त्याला शिंक येईल. मग ती अंगाई म्हणेल आणि दुसऱ्या ओळीवर अडेल..."

खेळ थांबला. पडद्यावरून बाईचं डोकं वर आलं.

"शास्त्रीबुवा," ती हळूच म्हणाली, "राक्षस हरतो, हे कुणीही सांगेल. पण ती अडते, तेही दुसऱ्याच ओळीवर, हे न बघता कसं हो कळलं?"

"अगंबाई," आजी म्हणाली, "म्हणजे दरवर्षी माझ्या शेजारी शालीत मुसमुसते ती उंच बाई..."

चिंचेखाली हशा उसळला. पाटील मात्र न्यायाला चिकटून होते. बुवांनी सांगितलं ते बरोबर आलं, तेव्हा तंबू उचला, एवढंच ते म्हणाले. बाई दोरे गुंडाळू लागली. बुवांना गप्प बसून जिंकता आलं असतं. पण ते उठले.

"पाटील, मी खोटं बोललो. अकरा वर्षं बघतोय."

"सगळं ठाऊक असताना?"

बुवांची मान वर होईना. "माझा थोरला रुसून गेला, तो परत येईल की नाही, हे माझ्या एकाही पोथीत नाही. इथं सुई हरवली, की ती सापडणार हे मला ठाऊक असतं. तरी सापडेपर्यंत शाल मुठीत घट्ट धरून बसतो. तेवढ्यासाठी येतो. आणि त्याच बाईला मी हाकलायला निघालो."

आता कुणी हसलं नाही. पाटलांनी घसा खाकरला आणि तंबू राहू द्या म्हणाले. बुवा तोंड लपवून निघाले होते, पण आजीनं सरकून जागा केली आणि धोतर ओढून त्यांना शेजारी बसवलं.

खेळ पुढे सुरू झाला. सुई हरवली, शिंक आली, राजकन्येनं अंगाई धरली आणि दुसऱ्या ओळीवर अडली. पुढं काय होणार, ते गावात प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणी श्वास सोडला नाही.

तात्पर्य, अजून ज्यांना हवंच असेल त्यांच्यासाठी: ज्या गोष्टीपाशी आपण गुपचूप रडतो, तिला चारचौघांत नावं ठेवू नयेत. शेजारची आजी आपल्याला ओळखते.