उंबराने दारे लावली तेव्हा

फार पूर्वी, झाडे बोलत आणि पक्षी ऐकून घेत त्या काळी, एका ओढ्याकाठी उंबराचे थोरले झाड होते. उन्हाळ्यात सारे रान रिकामे होई, तेव्हाही ते फळांनी लगडलेले असे.

एके दिवशी एका वानराने पिकले उंबर फोडले, आत पाहिले आणि सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने म्हटले, "घराणे मोठे, पण आत किडे."

उंबर शरमले. फळांत चिलटांएवढ्या माश्या वाढत, हे खरेच होते.

दुसऱ्या दिवशी एक माशी नेहमीप्रमाणे हिरव्या फळाच्या टोकाच्या बारीक दारातून आत शिरू लागली.

"परत जा," उंबर म्हणाले. "हे स्वच्छ झाड आहे."

"आजोबा, माझे डोके पाहा," माशी म्हणाली. "चपटे आहे. गोल डोक्यांच्या माश्या तुमच्या दारातच अडकून मेल्या. चपट्या आत गेल्या, त्यांच्या लेकी आम्ही. मला दुसरे दार नाही. आणि मी आणलेला पराग मिळाला नाही, तर तुमचे फळ पिकणार नाही."

"वंशावळ ऐकायला मला वेळ नाही," असे म्हणून उंबराने प्रत्येक दारात चीक आणला आणि सगळी दारे बंद केली. वस्तुतः त्याच्याजवळ शंभर वर्षे होती. माशीजवळ दोन दिवस.

हिरवी फळे टपाटप गळाली.

शेजारच्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाची बायको अंड्यांवर बसली होती. रीतीप्रमाणे ढोलीचे तोंड लिंपलेले होते. चोचीपुरती फट तेवढी उघडी.

"अहो, हे काय आणलेत?"

"सरडा."

"कालही सरडाच होता."

"परवा पाल होती," धनेशाने आठवण करून दिली.

"उंबरे आली नाहीत तर भिंत फोडून मी बाहेर येते. अंड्यांवर तुम्ही बसा."

"मी?"

"समोरच्या फांदीवर दिवसभर बसता की. सराव आहे."

धनेश उंबराकडे गेला. "तिची पिसे झडली आहेत," तो म्हणाला. "बाहेर आली तर उडणार नाही, पडेल."

उंबराने खाली गळून पडलेल्या फळांकडे पाहिले. मग म्हणाले, "माशीने सांगितले होते." नव्या फळांची दारे त्याने उघडी ठेवली.

टेकडीपलीकडच्या उंबरावरून एक माशी आली.

"मागे तुझा अपमान केला. क्षमा कर," उंबर म्हणाले.

"तो माझ्या आजीच्या बहिणीचा," माशी म्हणाली. "तिला लेकी झाल्याच नाहीत. क्षमा कोणाला पोचवू?" आणि ती कामाला लागली.

महिन्याभराने फळे पिकली. वानर सर्वांच्या आधी हजर झाले. त्याने उंबर फोडले, आत पाहिले, इकडेतिकडे पाहिले आणि खाल्ले. त्या दिवशी ते काही बोलले नाही. तोंड भरलेले होते.

ढोलीतून दरवर्षी दोन पिल्ले बाहेर पडत. त्या वर्षी एकच बाहेर आले.

तात्पर्य: ज्याला आपण आपल्या घरातला दोष समजतो, त्याच्या आधाराने कितीजण जगतात हे पाहिल्याखेरीज दार लावू नये.