ठुमकीची ढोली

दर्याच्या पार मधोमध एक बेट होतं. एवढंसं, की या टोकाला शिंकलं तर त्या टोकाचं पाणी हलावं. तिथं काळ्या मैना राहायच्या. अंग तेल चोपडल्यासारखं चकचकीत, डोळे लालभडक.

रीत एकच. पहिल्यानं जे ओरडायचं, ते सगळ्यांनी ओरडायचं. जो गप्प बसला तो परक्या बेटाचा. मतदान मतदान म्हणतात, ते तिथं हेच.

वठलेल्या माडाच्या शेंड्यावर झुपकेराव बसायचे. उजाडलं की सुरू, "बेट धोक्यात आहे!"

"बेट धोक्यात आहे!" सगळं बेट.

"पपया रावांकडं ठेवा!"

"पपया रावांकडं ठेवा!"

धोका कसला, ते कुणी विचारलं नाही. विचारायचं तर आधी ओरडणं थांबवावं लागतं ना!

ठुमकीची अंडी त्याच माडाच्या ढोलीत होती. एक दिवस राव ओरडले, "ढोल्या रावांच्या!" ठुमकीनं ढोलीतनं मान काढली आणि सगळ्यांच्या आधी बोंबलली, "ढोल्या रावांच्या!"

शेजारची चकाक्का म्हणाली, "अगं बये, आत तुझीच अंडी हायत की!"

"व्हय की गं! चोच आवरंना मला."

"उद्या तिथं रावांच्या पपया यायच्या. अंडी काढ."

"काढून ठेवू कुठं? तुझ्या डोस्क्यावर?"

रात्रभर ठुमकी अंड्यांवर बसून धुमसली. सकाळी रावांनी छाती फुगवली, चोच उघडली, तेवढ्यात ती किंचाळली, "झुपकेराव, खाली उतरा!"

"झुपकेराव, खाली उतरा!" बेट दणाणलं. सगळ्यांत मोठ्यानं कोण ओरडलं? स्वतः झुपकेराव! शेवटी तेही मैनाच, करतील काय बिचारे? ओरडले, आणि आपलंच ऐकून उतरले खाली.

जागा रिकामी. चकाक्का ओरडली, "ठुमके, वर बस!"

"ठुमके, वर बस!" ठुमकीपण ओरडली, आणि बसली.

ढोली वाचली, अंडी वाचली. बेट पिसं झडेपर्यंत नाचलं. आता पपया वाटणार म्हणून सगळे माडाखाली गोळा झाले.

ठुमकीनं वरनं बघितलं. वारा गार होता. पपया पिकून पिवळ्याधम्मक झाल्या होत्या. आणि खाली चोचीच चोची. तिनं घसा खाकरला.

"बेट धोक्यात आहे!"

पुढं अंडी फुटली. पिल्लांचे डोळे मिटलेले, पण चोची उघडून ओरडत होती, "बेट धोक्यात आहे!"

"गुणाची हायत गं पोरं," चकाक्का म्हणाली. "डोळे कधी उघडणार?"

"घाई कसली, अक्का?" पपईचा घास गिळत ठुमकी म्हणाली. "मतदानाला डोळे लागत नाहीत."