चांदीचा कीस

फार पूर्वी, जिथे घोड्यांचा मोठा बाजार भरायचा अशा एका गावात एक कारागीर आपल्या बायकोसोबत राहायचा. तो स्वारांसाठी टाचेचे काटे घडवायचा. जोड्याला मागून बांधायचं एक लोखंडी कडं आणि त्याच्या टोकाला छोटं दातेरी चक्र. स्वाराने टाच नुसती टेकवली की घोड्याला कळायचं, आता पळायचं. त्या लोखंडावर हा कारागीर चांदीचा पत्रा असा काही चढवायचा, की लोक स्वाराच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्याच्या पायाकडे बघत.

एकदा एक तरुण स्वार त्याच्या दुकानात आला. राजा निरोप पोचवणारा नवा जासूद निवडणार होता. ज्याचा घोडा ओढ्यापलीकडे उडी घेऊन सगळ्यांत आधी परत येईल, त्याला कायमची चाकरी. स्वाराची केवडी नावाची घोडी वाऱ्यासारखी पळायची. पण राजासमोर जायचं तर थाट हवा, म्हणून आईने स्वतःच्या पायातल्या चांदीच्या तोरड्या काढून त्याच्या हातात ठेवल्या होत्या.

"ह्या वितळवा आणि काट्यांवर चढवा," स्वार म्हणाला. "किंमत काय?"

कारागिराने मजुरी सांगितली. ती इतकी कमी होती की स्वार खूश व्हायला हवा होता. पण त्याच्या मनात पाल चुकचुकली.

"एवढी कमी? कशी काय परवडते तुम्हाला?"

"कानशीने घासताना जो कीस पडतो, तो आमचा. झारेकरी येतो, कीस धुऊन चांदी वेगळी करतो, विकत नेतो. तो हिशेब धरूनच मजुरी कमी सांगतो आम्ही. सगळ्यांनाच."

"अस्सं! म्हणजे मजुरीही घेणार आणि माझ्या आईची चांदीही!"

"मग कीस तुम्ही न्या, मजुरी थोडी वाढेल," कारागीर शांतपणे म्हणाला.

स्वार विचारात पडला. हा इतक्या पटकन तयार कसा झाला? अर्धा कीस आधीच कुठेतरी सरकवत असेल. नखात, केसात, धोतराच्या निऱ्यांत. माणसाचं काय सांगावं?

म्हणून तो तिथेच ठाण मांडून बसला. कारागीर घाम पुसायला लागला की हा पंचा झटकून बघायचा. कारागीर पाणी प्यायला उठला की हा मागोमाग. दुकानातलं मांजर बाहेर निघालं तर त्याची शेपटीसुद्धा झाडून घेतली.

कारागिराच्या बायकोला हसू आवरेना. "भाऊ, मांजराला झाडलंत ते बरं केलंत. आता माझी पोळी भाजून झाली की तवाही तपासा हो!"

"हसा, वहिनी. चांदी माझी गेलीय, तुमची नाही."

पत्रा चढला, वेलबुट्टी उमटली. चक्राच्या एकेका दातावर चांदी बसली. मग कारागिराने कानस हातात घेतली, तसा स्वाराने त्याचा हात धरला.

"आता काय?"

"कडा घासायच्या राहिल्यात. पत्र्याची धार वर आलीय."

"काही घासायचं नाही! घासलं की कीस, आणि कीस पडला की चांदी गेली. मी दिली तेवढी सगळी काट्यांवर हवी. तराजू आणा."

"अहो, हे घोडीच्या अंगाला लागणार. तिला टोचायचं नसतं, सांगायचं असतं. दात गुळगुळीत हवेत."

"हे तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत असाल."

"सांगतो. कारण प्रत्येकाकडे घोडा असतो."

पण स्वार ऐकेना. लोखंडाचं आधीच तोललेलं वजन वजा जाता तराजूत चांदी चोख भरली, तेव्हा कुठे त्याचा चेहरा खुलला. कारागिराला राग आला होता. त्याने कानस खाली ठेवली आणि काटे देऊन टाकले. द्यायला नको होते कदाचित. पण दिवसभर चोर ठरवला गेलेला माणूस आणखी किती समजावणार?

शर्यतीच्या दिवशी केवडी सगळ्यांच्या पुढे होती. ओढा समोर आला. उडीसाठी स्वाराने शर्यतीत पहिल्यांदाच टाच लावली, नेहमीसारखीच हलकी. त्या धारेने केवडीची कातडी फाटली. ती किंचाळली, मागच्या पायांवर उभी राहिली आणि तिने स्वाराला चिखलात फेकून दिलं. तो उठेपर्यंत दुसऱ्या कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं होतं.

चिखलात बसल्या बसल्या त्याच्या मनात आधी काय आलं असेल? हेच, की त्या कारागिराने मुद्दाम केलं! त्याने रागाने काटा सोडून चक्रावर बोट फिरवलं आणि बोटातून रक्त आलं. हीच ती कड. हिच्यासाठीच त्याने कारागिराचा हात धरला होता.

तो खालमानेने दुकानात आला. "घासा," म्हणाला. "हवा तेवढा कीस पडू दे."

कारागिराने कानस फिरवली. बायको या वेळी हसली नाही. सगळ्या कडा गुळगुळीत झाल्या तेव्हा फडक्यावर जो कीस पडला होता, तो इतका थोडा होता की स्वाराने सुस्कारा सोडला, तसा उडूनच गेला.

घरी येऊन त्याने केवडीच्या जखमेला हळद लावली. जखम भरली, वर केसही आले. मग एका सकाळी तो खोगीर घेऊन तिच्याजवळ गेला. केवडी मागे सरली. त्याने काटे सोडून दूर ठेवले. ती आणखी मागे सरली. त्याने जोडेही काढले, अनवाणी पाय पुढे करून दाखवले.

"बघ गं, काही नाही. खरंच काही नाही."

केवडीने कान टवकारून त्याचं सगळं ऐकून घेतलं. पण तिची नजर त्याच्या टाचेवरून हलली नाही.

तात्पर्य एवढंच, की संशय येणं आपल्या हातात नसतं, पण त्यापायी दुसऱ्याचं काम अर्ध्यावर अडवू नये. त्याचा ओरखडा बहुधा आपल्यावर विसंबलेल्या जिवालाच लागतो.